विमान हवंय, उडलं नाही तरी चालेल

जयपूरमध्ये थंडी जरा मवाळ झाली की जयमहाल पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या मोटारी जमायला लागतात. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्‌स कार क्लब हे प्रदर्शन भरवतो आणि मग मोटारींची शहरातून फेरी निघते. फेरीआधी तिथे माणसांची एक खास जमात पाहायला मिळते. डोक्याला साफा, हातात पिवळं फडकं, नजर बॉनेटवर. घरी पाण्याचा पेला जागचा न हलवणारे हे गृहस्थ इथे चाकाची एकेक तार पुसत बसलेले असतात. कुणी "हात लावू का?" म्हणून विचारलं तर त्यांच्या कपाळावर जी आठी पडते, ती आयकर खात्याच्या नोटिशीलाही पडत नसेल. गप्पांना मात्र तोटा नाही. अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉइसला झाडू बांधून तिला कचरा वाहायला लावल्याची कथा दर दहा पावलांवर नव्या तपशिलासह ऐकू येते. तीच कथा हैदराबाद, पतियाळा आणि भरतपूरच्या नावावरही खपते. पुरावा कुणापाशीच नाही, आणि पुराव्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

मोटार पुसून झाली की फोटो आला. इथे जयपूरकरांची खरी अडचण सुरू होते, कारण या शहरात पार्श्वभूमी फार झाल्या. हवामहलासमोर फोटो झाला, अल्बर्ट हॉलसमोर झाला, जलमहालाच्या काठावर झाला, आमेरच्या चढावर इंजिन तापून गाडी थांबली तेव्हा तिथेही झाला. हवामहलाला सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये ९५३ खिडक्या ठेवल्या त्या आतल्यांना रस्ता दिसावा आणि रस्त्यावरच्यांना आतलं कुणी दिसू नये म्हणून. आता फोटोत खिडक्या दिसतात, मोटार दिसते, आणि दोन्हींच्या मधोमध हमखास एक ई-रिक्षा दिसते. शिवाय शेजारच्या मालकाचाही तोच फोटो असतो. तोच कोन, तोच साफा. मग एखाद्याला विमान आठवतं.

आठवणारच. परदेशी कॅलेंडरांत आणि मोटारींच्या नियतकालिकांत हा फोटो वर्षानुवर्षं छापून येत आहे. मागे अॅल्युमिनियमचं चकाकतं धड, चार पंखे, दाराला लावलेला जिना; पुढे क्रोमचा बंपर आणि दार उघडून उभा असलेला शोफर. जोडी जमते ती उगीच नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोटारी आखणाऱ्यांनी विमानांकडे पाहून बऱ्याच उचलेगिऱ्या केल्या. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे जी दोन छोटी कल्लेवजा शेपटं आली, ती लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाची शेपटी पाहून सुचलेली. त्यानंतर दहा-बारा वर्षं अमेरिकेतल्या मोटारींची शेपटं वाढतच गेली. १९५९ ची शेव्हरोले इम्पाला मागून पाहिली तर ती आरटीओत नोंदवायची की विमान खात्यात, असा प्रश्न पडावा. तेव्हा अशा मोटारीच्या मागे जुनं प्रवासी विमान असावं ही इच्छा रास्त आहे. इच्छेत खोट नाही. खोट विमानात आहे, कारण ते सापडत नाही.

वास्तविक फोटोचं वेड जयपूरला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात इथे सवाई रामसिंह दुसरे हे स्वतः काचेच्या पट्ट्यांवर रसायनं माखून फोटो काढणारे राजे होऊन गेले. राजवाड्यात त्यांची स्वतंत्र फोटोशाळा होती, आणि १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून शहराला गुलाबी रंग लागला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पार्श्वभूमी मनासारखी करायला अख्खं शहर रंगवून काढणारा दुसरा फोटोग्राफर इतिहासात शोधून सापडायचा नाही. त्यांना विमान हवं असतं तर त्यांनी ते हुकमाने उभं करवलं असतं. पण ते १८८० मध्ये वारले आणि राइट बंधूंचं विमान त्यानंतर तेवीस वर्षांनी उडालं.

आजचा मालक पहिल्यांदा अर्थातच सांगानेरला जातो. छापील कापडासाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाशेजारीच जयपूरचा विमानतळ आहे. तिथे विमानं भरपूर. पण सगळी कालची पोरं. मोटारीची स्टेपनीसुद्धा त्यांच्याहून वयाने वडील. बरं, तडजोड म्हणून एखादं नवं विमान मागे घ्यावं, तर आडवी भिंत येते. भिंतीवर तारा, तारांमागे बंदूकधारी जवान, आणि जवानामागे कायदा. १९३७ च्या विमान नियमावलीतला तेरावा नियम सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. २०२० मध्ये एका अभिनेत्रीच्या प्रवासात विमानातच वार्ताहरांची झुंबड उडाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कपाटातून हा नियम काढून त्यावरची धूळ झटकली. मग दोन दिवसांत, प्रवाशांनी आपल्या जागेवर बसून काढलेल्या फोटोंना हरकत नाही, असा खुलासाही केला. विमानतळावर जुनं विमान नसलं तरी नियम मात्र अस्सल जुना आहे, आणि उत्तम चालू स्थितीत आहे.

मोटारीचाही कायदा आहे. २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला पाच हजार. अट अशी की मूळ सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठी फिरवाफिरव केलेली नसावी, आणि ही मोटार रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच तिला बाहेर पडायची मुभा. 'विमान शोधणे' हे कारण या यादीत नाही. त्यामुळे विमानाच्या शोधात निघालेला मालक निदान कागदोपत्री तरी सारखा पेट्रोल भरायला निघालेला असतो. एका लिटरला चार-पाच किलोमीटर देणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हे अगदीच खोटंही नाही.

जयपूरकराला आणखी एक सल आहे, तो जोधपूरचा. १९३० च्या दशकात केएलएम आणि एअर फ्रान्सची लांब पल्ल्याची विमानं पूर्वेकडे जाताना जोधपूरला उतरत. महाराजा उमेदसिंह स्वतः विमानाचे शौकीन. त्यांनी तिथे विमानतळ उभारला, फ्लाइंग क्लब काढला, उतारूंच्या मुक्कामाला हॉटेलही बांधलं. म्हणजे मोटार, महाराजा आणि युरोपातून आलेलं विमान ही तिन्ही एका चौकटीत मावतील अशी जागा राजपुतान्यात होती, पण ती शेजारच्या संस्थानात. आज तिथे हवाई दलाचा तळ आहे. कॅमेरा घेऊन रेंगाळणाऱ्या माणसाची तिथे कशी विचारपूस होते, हे जयपूरचे मालक एकमेकांना सांगतात आणि जोधपूरचा विषय बदलतात.

तरीही जुनं विमान, जुनी मोटार आणि जयपूर हा योग एकदा खरोखर जुळून आला होता. तारीख २९ मार्च १९४९. दुसऱ्या दिवशी राजस्थानच्या मोठ्या संघराज्याचं उद्‌घाटन व्हायचं होतं आणि त्यासाठी सरदार पटेल संध्याकाळी दिल्लीहून विमानाने निघाले. विमान हवाई दलाचं डव्ह जातीचं. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीने महायुद्धानंतर जवळच्या पल्ल्याच्या प्रवासी वाहतुकीसाठी बनवलेलं, दोन इंजिनांचं, आठ-दहा माणसांचं सुबक विमान. बरोबर पटेलांची मुलगी मणिबेन, सचिव व्ही. शंकर आणि एक महाराज. पटेलांना वर्षभरापूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, म्हणून वैमानिकाला फार उंच जायची परवानगी नव्हती. जयपूरच्या अलीकडे एका इंजिनाने मान टाकली. वैमानिक भीमराव यांनी शाहपुऱ्याच्या बाजूला, जयपूरपासून तीसेक मैलांवर, एका कोरड्या नदीच्या पात्रात विमान उतरवलं. पोटावर घसरत का होईना, पण असं की कुणाला ओरखडा नाही.

इकडे सांगानेरला स्वागताला जमलेली मंडळी आकाशाकडे डोळे लावून उभी. विमान नाही, निरोप नाही. देशाचे उपपंतप्रधान गायब झाल्याची बातमी दिल्लीपर्यंत पोहोचली आणि तिथेही कुणाच्या जिवात जीव राहिला नाही. तिकडे नदीच्या वाळूत मात्र गावकरी जमा झाले होते, पाणी आलं होतं, आणि विमानातल्या खुर्च्या बाहेर काढून मंडळी बसली होती. ज्या माणसाने साडेपाचशेवर संस्थानं भारतात आणली, तो एका महाराजाच्या शेजारी माळावर बसून मोटारीची वाट पाहत होता. रात्री उशिरा ही सारी मंडळी मोटारीने जयपुरात पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी राजस्थानचं उद्‌घाटन झालं. ३० मार्चला राजस्थान दिवस पाळायची प्रथा पडली ती म्हणूनच. मोटारवेड्या माणसाला ही कथा सांगितली तर तो राष्ट्रीय एकात्मतेवर चकार शब्द बोलत नाही. तो डोळे बारीक करून विचारतो, "नदीच्या पात्रात डव्ह, समोर चाळीसच्या दशकातली संस्थानी मोटार, संध्याकाळचं ऊन... आणि फोटोग्राफर सांगानेरला?"

बरं, मग ती सगळी जुनी विमानं गेली कुठे? १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ विमान कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या पदरी ९९ विमानं आली. त्यांतली ७४ नुसती डाकोटा. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने स्वस्तात काढलेली ही विमानं आपल्याकडे इतकी होती की खुद्द कंपन्यांनाच ती पुरून उरत. पुढे व्हायकाउंट आली, फॉकर आली, कॅरव्हेल आली, कानपुरात बनलेली अॅव्हरो आली. प्रत्येक जण आला तेव्हा हार-तुरे, आणि गेला तेव्हा भंगारवाला. मोटारीचं तसं नाही. आजोबांची मोटार बंद पडली तरी गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहते. तिच्यावर गाद्या रचल्या जातात, तिच्यात मांजर वितं, आणि तीस वर्षांनी एखादा नातू तिला बाहेर काढून तिच्यावर फ्लॅटच्या किमतीएवढा खर्च करतो. विमानाला नातू नसतो. आपल्याकडे जुनं विमान टिकलं तर ते बहुधा कुणाच्या तरी विसराळूपणामुळे.

कोलकात्याचं उदाहरण ताजं आहे. १९८२ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे आलेलं एक बोइंग ७३७-२०० शेवटी भारतीय डाक विभागाची टपालं वाहत होतं. २०१२ मध्ये ते थांबलं आणि कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात उभं राहिलं. कंपनीच्या नोंदींतून ते हळूहळू पुसलं गेलं. खासगीकरण झालं, मालक बदलले, आणि मालकांना आपल्या मालकीचं एक विमान आहे याचा पत्ताच नव्हता. विमानतळाने 'तुमचं विमान उचला' म्हटल्यावर शोधाशोध झाली. विमान निघालं खरं, आणि त्याच्या जागेचं भाडंही निघालं जवळजवळ एक कोटी रुपये. माणसं छत्री विसरतात, चष्मा विसरतात, लग्नाचा वाढदिवस विसरतात. शंभर फुटांची वस्तू विसरायला संस्थाच लागते. २०२५ च्या नोव्हेंबरात ते रस्त्याने बेंगळुरूला गेलं, इंजिनियरांच्या प्रशिक्षणासाठी.

पण या बाबतीत महाराष्ट्राने कोलकात्यापुढे मान खाली घालायचं कारण नाही. नागपूरच्या विमानतळावर १९९१ मध्ये कॉन्टिनेन्टल एव्हिएशन या खासगी कंपनीचं एक बोइंग ७२० उतरलं आणि तिथेच बसलं. उन्हाळे आले, पावसाळे गेले, विमानतळाचं नाव बदलून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं, बाहेरच्या बागांतून संत्र्याचे कितीतरी आंबिया बहार आणि मृग बहार येऊन गेले. विमान जागचं हललं नाही. नोटिसा गेल्या, पत्रं गेली. नव्वदच्या दशकात नागपूरहून प्रवास करणाऱ्या वैदर्भीय माणसाला खिडकीतून ते पांढरं धूड दिसलं नाही असं झालं नसेल. पुढे पुढे लोकांना ते विमानतळाच्या इमारतीचाच भाग वाटू लागलं असावं. अखेर चोवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, ते धावपट्टीजवळून बाजूला ओढून नेलं.

आता गंमत अशी की बोइंगने ७२० ची विमानं बनवली एकंदर १५४. पहिलं उडालं १९५९ मध्ये, प्रवाशांच्या सेवेत आलं १९६० मध्ये. म्हणजे ज्या वर्षी हिंदी सिनेमातला श्रीमंत नायक लांबलचक इम्पालातून उतरू लागला, त्याच सुमाराचं. जगभरातल्या विमानवेड्यांनी ज्याच्यासाठी तिकीट काढून यावं असं दुर्मीळ जेट नागपूरच्या उन्हात उभं होतं, आणि आपल्या दृष्टीने ती एक अडगळ होती. एका इम्पालावाल्याने वेळीच अर्ज केला असता तर? अर्थात अर्ज कुणाकडे करायचा, हाच तर चोवीस वर्षांचा घोळ होता.

विसरलेलं विमान आठवलं की त्याचा रस्त्यावरचा प्रवास सुरू होतो, आणि तो हवेतल्या प्रवासापेक्षा जास्त गाजतो. २०१९ च्या डिसेंबरात डाक विभागाचं एक निवृत्त विमान कोलकात्याहून पश्चिमेला निघालं आणि दुर्गापूरला पुलाखाली अडकलं. २०२१ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ पादचारी पुलाखाली एक अडकलं. २०२२ मध्ये कोचीहून हैदराबादला हॉटेल व्हायला निघालेलं एक आंध्रातल्या बापटला जिल्ह्यात अडकलं. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईहून आसामला निघालेलं बिहारमध्ये मोतिहारीच्या पुलाखाली अडकलं. तीस हजार फुटांवरून आयुष्यभर बिनतक्रार ये-जा केलेल्या विमानाला शेवटी अठरा फुटांचा पूल नडतो. जुन्या मोटारीच्या मालकाने खरं तर अशा बातम्यांवर लक्ष ठेवायला हवं. पुलाखाली अडकलेलं विमान निदान काही तास तरी जागचं हलत नाही, तिथे १९३७ चा तेरावा नियम लागू होत नाही, आणि रस्त्यावर मोटार नेण्याचं कारण विचारलं तर वाहतूक कोंडी आपोआप उत्तर देते.

जी विमानं पुलांतून सुटतात ती बहुतेक उपाहारगृहं होतात. लुधियान्याला झालं, बडोद्याला तरसाली बायपासवर झालं. त्यांत चव काय मिळते हा वेगळा विषय. फोटोच्या दृष्टीने अडचण अशी की ती बहुतेक एअरबस ए-३२०, म्हणजे आपल्याकडे १९८९ नंतर आलेली. त्यांच्यासमोर शोभेल अशी मोटार म्हणजे मारुती १०००, आणि तिला जयमहालाच्या हिरवळीवर अजून कुणी पान विचारत नाही. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला होता. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचं आजोळ ते, सयाजीराव महाराजांचं घर. दाराशी तीसच्या दशकातल्या राजेशाही मोटारी आणि त्याच शहराच्या बायपासवर पंजाबी थाळी वाढणारं विमान! अंतर फार नाही, पण मधे अर्धं शतक आडवं येतं. आणखी एक विमान दिल्लीत द्वारकेला होतं. इंडियन एअरलाइन्सच्या एका निवृत्त अभियंत्याने विकत घेतलेली ती एअरबस ए-३००. कधीच विमानात न बसलेल्या मुलांना तो तिच्यात बसवून न उडता विमानप्रवासाचा अनुभव देत असे. तिला पंख एकच उरला होता. योग्य बाजूने फोटो घेतला तर कळतही नाही, पण ती बाजू शोधायला पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागते.

या शौकीन लोकांत 'कुठलंही विमान चालेल' असं म्हणणारा नवखा समजला जातो. जाणकार पत्रिका जुळवतात. मोटारीचं साल, विमानाचं साल, दोन्हींचं मूळ गाव, इंजिनाचं गोत्र. व्हायकाउंट, फॉकर फ्रेंडशिप आणि अॅव्हरो या तिघांना रोल्स-रॉइसचं 'डार्ट' इंजिन. म्हणून रोल्स मोटारीला ही स्थळं सगोत्र असूनही चालतात. अॅम्बॅसडर आणि व्हायकाउंट हा जोडा समवयस्क. दोघांचंही भारतातलं पदार्पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं, आणि दोघांच्याही मागच्या सीटवर मंत्रीच जास्त बसले. वीसच्या दशकातल्या उघड्या टपाच्या मोटारींचं मात्र अवघड. डाकोटाचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चं, म्हणजे नवरी दहा-पंधरा वर्षांनी मोठी. त्यावर कुणी "डाकोटा म्हणजे डाकोटा, चालवून घ्या" म्हणालं की दुसरा कुणी तरी उठून निघून जातो.

स्थळ पसंत पडलं तरी फोटो सोपा नाही. डाकोटाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ९५ फूट, मोटार जेमतेम सोळा. सगळं विमान चौकटीत घ्यावं तर मोटार कुणाची हेही ओळखू येत नाही. मोटार मोठी घ्यावी तर मागे नुसतं चाक आणि थोडं पोट. रुंद भिंगाने जवळून घेतलं तर बॉनेट होडीसारखं फुगतं आणि मालक रागावतो. उपाय एकच, लांब भिंग लावायचं आणि मागे मागे जायचं. विमानतळावर मागे मागे जाणारा माणूस कुठे तरी निषिद्ध क्षेत्रात पोहोचतोच.

एक स्थळ मात्र सर्वगुणसंपन्न आहे आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात आहे. दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे अंगणात लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. चार इंजिनं, तीन शेपट्या आणि पाठीला असा बाक की माशालाही हेवा वाटावा. पन्नासच्या दशकात हे एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, आणि त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. म्हणजे आपल्या वेरूळची राणी. पुढे ते हवाई दलाकडे गेलं, मग नौदलाकडे. समुद्रावर टेहळणी करून १९८३ मध्ये सेवेतून मोकळं झालं. कॅडिलॅकच्या शेपट्यांचं कूळ लॉकहीड, राणीचं कूळही लॉकहीड. छत्तीस गुण! त्याच अंगणात एक डव्हही आहे, सरदारांना नदीत उतरवणाऱ्या विमानाची सख्खी बहीण. जयपूरच्या मोटारवाल्याला हे सांगावं तर तो आधी हरखतो, मग हिशोब करतो. दीड हजारांहून जास्त किलोमीटर, ट्रकचं भाडं, घाट, खाऱ्या हवेने क्रोमला चढणारा गंज, आणि शेवटी नौदलाच्या आवारात १९५५ ची कॅडिलॅक न्यायची लेखी विनंती. ही विनंती ज्या टेबलावर पोहोचेल तिथल्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटोही घेण्यासारखा असेल.

डाकोटाच हवी असेल तर भुवनेश्वरला जावं. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या कलिंग एअरलाइन्सची एक डाकोटा कोलकात्याला वर्षानुवर्षं पडून होती. २०२३ च्या जानेवारीत ती सुटी करून ट्रकांवरून ओडिशात नेली, जोडली, आणि मार्चमध्ये बिजूबाबूंच्याच नावाच्या विमानतळावर मांडली. विशेष म्हणजे पुलाखाली अडकली नाही. आधी सुटी करून नेली की असं होतं. दुसरी डाकोटा हवाई दलाकडे आहे, 'परशुराम'. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून ती भेट दिली, आणि २०१८ मध्ये ती तिथून उडत उडत भारतात आली. अंगावर व्हीपी ९०५ हा क्रमांक, २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा. पण ती अजून उडते. फोटोवाल्यांच्या दृष्टीने हा तिचा दोषच. मोटार चोक ओढून, हँडल मारून सुरू होईपर्यंत ती निघून गेलेली असते.

त्यामुळे जयपुरात हे काम शेवटी संगणकावर होतं. लग्नाचे अल्बम करणाऱ्या दुकानांतून हल्ली दहा मिनिटांत विमान बसवून मिळतं. नोकरीच्या निमित्ताने राजस्थानात येऊन तिथेच मुरलेले एक मराठी काका आपली १९६४ ची फियाट घेऊन अशाच एका दुकानासमोर उभे असतात. पत्रिका त्यांची पक्की: इंडियन एअरलाइन्सकडे कॅरव्हेलही १९६४ मध्येच आली, म्हणून मागे कॅरव्हेल हवी, दुसरं काही नको. कॅरव्हेल आता फ्रान्समधल्या संग्रहालयांत पाहायची. संगणकावरचा पोरगा नम्रपणे ड्रीमलायनर दाखवतो. काका डोक्याला हात लावतात. तो ए-३८० दाखवतो. काका त्याला खिडक्यांचा आकार समजावून सांगतात. कॅरव्हेलच्या खिडक्या त्रिकोणी होत्या आणि इंजिनं शेपटीजवळ. पोरगा "जी हुकुम" म्हणतो आणि हेलिकॉप्टर दाखवतो.

"अहो, काही तरी ठरवा. त्याच्या दुकानाचं शटर गाडीने अडलंय," असं काकू गाडीतून सांगतात.

अखेर शोधून कॅरव्हेल सापडते. पोरगा ती फियाटमागे नीट बसवतो, सावलीही बरोबर पाडतो, आणि पडदा काकांकडे वळवून फक्त एवढंच विचारतो की विमान तर आलं, पण गाडीला मागून धक्का देणारी ही दोन माणसं ठेवायची की काढायची?